माळ्यावरची पेटी

निपाणीहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. सासऱ्यांच्या पश्चात त्यांची बाजाची पेटी माळ्यावर पडून आहे. भात्यातून वारा गळतो, दोन पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. एका दुकानदाराने जुने सूर काढून नवे घालून देण्याची तयारी दाखविली असून, जुन्या सुरांचे मोल मजुरीत वळते करू, असे म्हटले आहे. हे करावे काय, असा भगिनींचा प्रश्न. आमचे उत्तर आधीच सांगून टाकतो : जाणत्या वादकाने पेटी पाहिल्यावाचून मुळीच करू नये.

पेटीचे लाकूड, भाता, पट्ट्या हे सारे नवे करता येते. तिचा कंठ मात्र त्या पितळी सुरांत असतो. १८४२ साली पॅरिसच्या दबें नामक कारागिराने हार्मोनियमचे पेटंट घेतले. पुढे कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांनी तिला आपल्या बैठकीला सोयीचे हातभात्याचे रूप दिले. तरी चांगल्या पेटीत सूर घालायचे ते पॅरिसच्या कासरीलचे किंवा जर्मन ज्युबिलेटचे, अशीच चाल पडली. आज सौराष्ट्रातील पालिताण्यास हाताने सूर घडविले जातात व त्यांत उत्तमही असतात. परंतु जुन्या कासरीलचा गोल, भरीव नाद ज्याच्या कानात बसला, त्याचे समाधान अन्यत्र होणे कठीण. दुकानदार मजुरी सोडावयास का तयार झाला, हे आता निराळे सांगावयास नको!

सूर बिघडला म्हणून तो लगेच घासू देऊ नये. टोकाशी घासले की सूर चढतो, मुळाशी घासले की उतरतो. पण घासून गेलेली धातू परत येत नाही. मुका झालेला सूर पुष्कळदा धुळीच्या एखाद्या कणाने अडलेला असतो. पट्ट्या अडकतात त्या आपल्याकडील पावसाळ्यात लाकूड फुगल्याने. याला सूर काय करणार?

आमच्या सीमाभागात अशा पेट्या घरोघर का निघतात, याचे आम्हांस नवल वाटत नाही. नाटकमंडळ्या, भजनी मंडळे, गाण्याचे वर्ग यांनी ही भूमी पोसली. १९४० साली आकाशवाणीने पेटीला दार बंद केले, ते १९७१ साली काहीसे उघडले. त्या काळातही बेळगावात पेटी वाजतच होती. १९१७ साली जन्मलेले पं. रामभाऊ विजापुरे यांनी वझेबुवांकडे गायकीची तालीम घेतली आणि २०१० साली निवर्तेपर्यंत बेळगावात पेटीची विद्या वाटली. पेटी घराची भाषा विचारीत नाही, हे या गावाला वेगळे शिकवावे लागले नाही. पेटीत श्रुती नाहीत हा आक्षेपही जुनाच; त्यावर तोड म्हणून सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी क्लेमेंट्स साहेबांसह श्रुतिपेटीचा घाट घातला होता. ती रुळली नाही.

परदेशात विजेच्या गिटारींची हीच कथा आहे. गिब्सनच्या १९५८ ते १९६० मधील 'लेस पॉल' गिटारीचे मूळ भाग बदललेले निघाले की संग्राहक तिची किंमत एकदम उतरवितात. फरक इतकाच की तेथे कित्येक गिटारी तिजोरीत बंद असतात. पेटीला ते मानवत नाही. न वाजविता ठेवली की भात्याचे चामडे ताठरते आणि घड्यांशी चिरते.

तेव्हा भगिनींनी आधी भाता व पट्ट्या तेवढ्या दुरुस्त करून घ्याव्यात. पेटी कोरड्या खोलीत, उंदरांपासून जपून, पण माळ्यावरून खाली ठेवावी. नात गाणे शिकते आहे, असे पत्रात आहेच. तिला रोज अर्धा तास तीवर बसू द्यावे. आणि कारागिराकडे देताना सूर मोजून द्यावेत. ३७ पट्ट्यांच्या दुहेरी पेटीत ते ७४ असतात. परत घेतानाही तितकेच, आणि तेच, आहेत की नाहीत हे जाणत्याला बरोबर नेऊन पाहावे.