याच तारखांना का?

नोव्हेंबरच्या ९ ते ११ तारखांना मावळतीची किरणं महाद्वारातून कोल्हापूरच्या अंबाबाईच्या गाभाऱ्यात शिरतात आणि रोज थोडी वर चढत अखेर मुखापर्यंत पोचतात. जानेवारीअखेरीस पुन्हा तेच. हाच किरणोत्सव. गर्दीत खांद्यावर बसलेलं पोर विचारतं, “याच तारखांना का?” त्याला कृपा करून गप्प बसवू नका. सूर्य सर्वांत दक्षिणेला असतो त्या २१-२२ डिसेंबरच्या अलीकडे-पलीकडे दोन्ही किरणोत्सव साधारण सारख्याच अंतरावर येतात. म्हणून सूर्य क्षितिजावर जवळपास त्याच जागी मावळतो. हे कळलेलं पोर हात जोडायचं सोडेलच असं नाही. पण कुणी देवाच्या नावानं भीती घातली, तर पोर तेही तपासून पाहील. मला त्याच्या भक्तीपेक्षा या सवयीची काळजी जास्त वाटते.

हीच सवय असलेले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर १९३८ साली याच कोल्हापुरात जन्मले. वडील गणिती, आई संस्कृतच्या जाणकार. पुढे त्यांनी फलज्योतिषाची थट्टा केली नाही, चाचणी घेतली: हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ज्योतिषांपुढे ठेवल्या, ओळखायला सांगितलं. उत्तरं नाणेफेकीपेक्षा सरस निघाली नाहीत.