जेवताना फिट? नाटक नव्हे, आजार!

सगळ्यांची जेवणं उरकल्यावर सून ताटावर बसते. चार घास पोटात जातात न जातात तोच तिचा हात थबकतो, नजर एकटक लागते, घास तोंडातच राहतो. कधी मिनिटभरात भानावर येते, कधी हातपाय झाडत कोसळते. असं दोन-तीनदा झालं की कुजबुज सुरू. "काम करताना बरी असते, जेवायला बसली की हिला काय होतं?" मग अंगारे-धुपारे, नाहीतर माहेरी रवानगी.

मैत्रिणींनो, हे नाटक नाही आणि 'बाहेरचं'ही नाही. हा एपिलेप्सीचा, म्हणजे अपस्माराचाच एक प्रकार. एरवी फिट कधी येईल याचा नेम नसतो. 'रिफ्लेक्स एपिलेप्सी'त मात्र एखाद्या ठरावीक गोष्टीने ती येते. १९९७ साली जपानमध्ये टीव्हीवर 'पोकेमॉन'मधला लाल-निळा झगमगाट बघून शेकडो मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं. जेवताना येणारी फिट तशी दुर्मीळ, पण भारत आणि श्रीलंकेतून तिच्या बऱ्याच नोंदी आहेत. कर्नाटकात डोक्यावरून कढत पाणी घेताना फिट येणारेही पुष्कळ. बंगळुरूच्या निम्हान्समधल्या डॉक्टरांनी १९८८ मध्ये अशा २७९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या कित्येकांना कोमट पाण्याने न्हायलं तरी फरक पडतो.

पण जेवण कसं टाळणार? म्हणूनच औषध हवं. फिट नेमकी कधी आली, ताटात काय होतं, किती वेळ टिकली हे लिहून ठेवा. जमलं तर मोबाईलवर चित्रण करा. मेंदूविकार तज्ज्ञांना निदानासाठी याचा फार उपयोग होतो.

खरी अडचण वेगळीच आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात लग्नाच्या अटींमध्ये अपस्माराचा उल्लेख होता. १९९९ च्या दुरुस्तीने तो काढून टाकला. कायदा सुधारला, घरं कुठे सुधारली? आजही स्थळ मोडेल म्हणून मुलीचा आजार लपवतात. सासरी कळेल या धास्तीने ती गोळ्या चुकवते आणि गोळ्या चुकल्या की फिट ठरलेलीच. शिवाय फसवणुकीचा आरोप होऊन प्रकरण कोर्टात जातं ते वेगळंच. त्यापेक्षा लग्नाआधीच स्पष्ट सांगितलेलं काय वाईट? नियमित औषधांनी बहुतेकांच्या फिट्स आटोक्यात येतात, संसार होतो, मुलंबाळंही होतात. फक्त दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावं, कारण काही गोळ्या बदलाव्या लागतात. मनाने बंद मात्र करू नयेत.

आणि फिट आली तर? कांदा, चप्पल काहीही हुंगवू नका. दातात चमचा घालू नका, पाणी पाजू नका. कुशीवर वळवा, म्हणजे तोंडातला घास बाहेर येईल. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा श्वास अडकला, तर लगेच दवाखाना गाठा.

ती सावरली की ताट पुन्हा वाढा. आणि या वेळी तिला एकटीला जेवायला बसवू नका.