शागिर्दाला चार वर्षे द्या

देहूरोड, तळवडे, निगडी, भोसरी आणि पुढे चाकण या औद्योगिक पट्ट्यात आपल्या समाजातील असंख्य मुले लोखंडाच्या कामावर पोट भरतात. त्यांच्या वडिलांना विचारले तर 'मुलगा कंपनीत आहे' असे उत्तर मिळते. कंपनीत कोणत्या कामावर, असे पुढे विचारले तर कोणी हेल्पर निघतो, कोणी प्रेसवर, कोणी पॅकिंगला. 'टूल रूममध्ये आहे' असे सांगणारा बाप क्वचितच भेटतो. आमच्या मते ही बाब साधी नाही. ज्याला डाय बनवता येते त्याच्या मागे काम येते. जो फक्त डायखाली पत्रा सरकवतो त्याची जागा दुसऱ्या दिवशी दुसरा घेतो. आपली मुले या दुसऱ्या रांगेत का उभी आहेत, याचा विचार आता कारागीर आणि कारखानदार या दोघांनीही केला पाहिजे.

हुनर आपल्याला नवा नाही

हत्यार घडवणे आणि त्याला धार देणे हे काम आपल्याला परके नाही. तलवारी-सुऱ्यांना धार आणि झळाळी देणारे शिकलगार ही महाराष्ट्रातील मुसलमानांत एक जमातच आहे. लोहार हत्याराला पाणी देत असे, त्यालाच आज कारखान्यात हार्डनिंग म्हणतात. फरक इतकाच की पूर्वी सुतात मोजत, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात. आज मिलिमीटरचा शंभरावा भाग धरावा लागतो. नजर तीच, पण मोजमाप बदलले.

मोठ्या कारखानदारांनी टूल रूमची किंमत फार आधी ओळखली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि पिंपरी-चिंचवडच्या माळावर कारखाने उभे राहू लागले. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९६६ च्या सुमारास येथे पाऊल टाकले. त्यांनी सुरुवात गाड्या जोडण्यापासून केली नाही. आधी यंत्रे व हत्यारे बनवणारा विभाग आणि मुलांना शिकवणारा विभाग उभा केला. पुण्यातून त्यांचे पहिले व्यापारी वाहन बाहेर पडले ते १९७७ साली. म्हणजे दहा वर्षांहून अधिक काळ आधी हत्यारांना आणि हातांना दिला. एवढ्या मोठ्या कंपनीला जे टाळता आले नाही, ते आपल्या दोन गाळ्यांच्या वर्कशॉपला कसे टाळता येईल?

या कामात शिकण्यासारखे आहे तरी काय

काही मंडळींना वाटते की बघून बघून मुलगा आपोआप तयार होतो. त्यांच्यासाठी एकच उदाहरण देतो. दोन मिलिमीटर जाडीच्या साध्या लोखंडी पत्र्यातून ५० मिलिमीटर व्यासाची चकती कापायची आहे. चकतीचा घेर सुमारे १५७ मिलिमीटर. घेर गुणिले जाडी गुणिले पत्र्याची कातरण्याची ताकद, जी साधारण चौरस मिलिमीटरला ३५ किलो धरतात, असा हिशेब केला तर जवळजवळ ११ टन जोर लागतो. ज्याला हा हिशेब येत नाही तो ही डाय दहा टनी प्रेसवर चढवील, आणि मग प्रेस अडकेल किंवा क्रँक जाईल. गणित शाळेतलेच आहे, पण ते नेमके कोठे लावायचे हे उस्तादाने दाखवावे लागते.

पुढे पंच आणि डाय यांच्यातील फट येते, जिला आपण क्लिअरन्स म्हणतो. साध्या लोखंडी पत्र्याला ती प्रत्येक बाजूला जाडीच्या पाच ते आठ टक्के धरण्याची रीत आहे. पत्रा एक मिलिमीटरचा असेल तर ही फट ०.०५ ते ०.०८ मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या केसाएवढी. फट जास्त झाली तर कापलेल्या कडेला बर येतो आणि माल परत येतो. फट कमी झाली तर पंचाची धार लवकर मरते. शिवाय चकती कापायची असेल तर डाय मापात ठेवून पंच लहान करायचा, आणि भोक पाडायचे असेल तर पंच मापात ठेवून डाय मोठी करायची. हे ज्याच्या डोक्यात पक्के बसले नाही तो एका दुपारीत महागडे एच.सी.एच.सी.आर. स्टील भंगारात घालतो.

हार्डनिंगचे शास्त्र तर निराळेच. हे स्टील हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून थंड करतात, पुन्हा बेताने तापवून टेंपर करतात आणि रॉकवेलवर ५८ ते ६० पर्यंत आणतात. टेंपरिंग चुकले तर पंचाचा टवका उडतो. हार्डनिंगनंतर माप किंचित हलते, म्हणून ग्राइंडिंगला माल आधीच राखून ठेवावा लागतो. शेवटी ट्रायल. पहिल्या ट्रायलला डाय क्वचितच बरोबर चालते. पत्रा कोठे ओढला जातो, कोठे फाटतो, कोठे सुरकुती पडते, हे पाहून दोष ओळखणे हाच या धंद्याचा गाभा आहे. आणि तो वर्ष-सहा महिन्यांत येत नाही.

चार वर्षांचा हिशेब

आयटीआयमध्ये टूल अँड डाय मेकर हा ट्रेड दोन वर्षांचा आहे. एक शाखा प्रेस टूल, जिग्स व फिक्स्चरची, दुसरी डाय व मोल्डची. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद येथील इंडो-जर्मन टूल रूममध्ये दहावीनंतर याच विषयाची चार वर्षांची पदविका मिळते. १९५९ साली केरळात थलश्शेरीजवळच्या नेट्टूर गावी सुरू झालेल्या एनटीटीएफ संस्थेचे नावही याच कामामुळे झाले. जाणकारांनी ठरवलेला काळ असा आहे. आपण मात्र सहा महिन्यांत मुलगा कमावता व्हावा अशी अपेक्षा धरतो.

घरची अडचण आम्ही जाणतो. शिकाऊ मुलाला जे मिळते त्यापेक्षा कंत्राटदार हजार-दोन हजार जास्त देतो. घरात आजारपण असते, बहिणीचे लग्न असते. बाप म्हणतो, आज चार पैसे येतात ते घे. पण कंत्राटी प्रेस ऑपरेटरची दहा वर्षे मोजून पाहा. दहाव्या वर्षीही तो तेच काम करतो, आणि कंपनी हलली की त्याचे कामही जाते. तळेगावचे उदाहरण सर्वांसमोर आहे. तेथे २००८ साली जनरल मोटर्सचा मोठा कारखाना सुरू झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये गाड्यांचे उत्पादन थांबले. पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला, पण जुन्या कामगारांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. ज्याच्या हातात एकाच कंपनीच्या एका लाइनपुरते काम आहे त्याची कोंडी होते. डाय बनवणारा मात्र मोटारीच्या कारखान्यातून भांड्यांच्या, पंख्यांच्या किंवा कुलपांच्या कारखान्यात सहज जातो.

यंत्र आले, विजेची गाडी आली

आता संगणकावर चालणारी यंत्रे आली, हाताचे काम कोण विचारतो, असा आक्षेप नेहमी येतो. वायरकटवर पाव मिलिमीटरची पितळी तार हार्ड झालेल्या स्टीलमधूनही नेमका आकार कापते, हे खरे आहे. जे कोरण्यासाठी पूर्वी कानस घेऊन दिवसच्या दिवस जात ते आता रात्रीत होते. पण यंत्राला आकार सांगणारा माणूसच लागतो. गाइड पिलर व बुश बसवणे, ब्लू लावून स्पॉटिंग करणे, स्ट्रिपर जुळवणे, ट्रायल घेणे आणि बोथट झालेल्या डायला पुन्हा धार देणे, ही कामे आजही बेंचवरच होतात. ज्याने कानस, गुण्या आणि मायक्रोमीटर हातात धरून पाया घातला तोच पुढे वायरकट आणि डिझाइनमध्ये चमकतो. डिझाइनचे काम संगणकावर बसून होते, तेव्हा आपल्या मुलींनाही हा मार्ग मोकळा आहे.

विजेच्या गाडीबद्दलही तसेच. तिला पिस्टन लागत नाही, सायलेन्सर लागत नाही. त्या सुट्या भागांचे टूलिंग करणाऱ्यांनी वेळीच सावध व्हावे. पण दरवाजा, चासी, ब्रॅकेट, बॅटरीची पेटी हे सारे पत्र्याचेच असते. शिवाय मोटरच्या आत सिलिकॉन स्टीलच्या पातळ पत्र्यांची चवड असते, एकेक पत्री ०.३५ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ. तिला लागणारी फट केसाहून कितीतरी बारीक. म्हणजे काम संपलेले नाही, ते अधिक नाजूक झाले आहे. अर्धवट शिकलेल्याला मात्र त्यात जागा नाही.

दुसऱ्याची बोटे

आणखी एक गोष्ट पैशाच्या पलीकडची आहे. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत बोटे तुटण्याचे मोठे कारण पॉवर प्रेस हे आहे, असे सेफ इन इंडिया फाउंडेशनच्या 'क्रश्ड' या अहवालांनी वारंवार दाखवले आहे. गार्ड नसणे, दोन्ही हातांनी दाबायची बटणे काढून ठेवणे, ही कारणे आहेतच. पण डाय बनवतानाच पत्रा सरकवण्याची वाट अशी ठेवता येते की तीत बोट शिरणार नाही, आणि तयार भाग हात न घालता बाहेर पडेल. जाणता टूलमेकर हे करतो. अर्धवट शिकलेला करत नाही, आणि त्याची किंमत प्रेसवर बसलेल्या कोणा दुसऱ्याच्या मुलाला मोजावी लागते.

वर्कशॉपमालकांना चार शब्द

दोष केवळ बापाचा नाही. आपल्या वर्कशॉपमध्ये शागिर्द येतो, वर्षभर चहा आणतो, झाडू मारतो, आणि मग त्याला प्रेसवर बसवले जाते. मालकाचे म्हणणे, शिकवला की पळून जातो. आमचे उत्तर असे की चौथ्या वर्षीही पहिल्या वर्षाचाच पगार दिला तर कोण थांबेल? दरवर्षी किती वाढ मिळेल आणि काय शिकवले जाईल, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून द्या. पहिले वर्ष कानस, मोजमाप आणि ड्रॉइंग वाचणे. दुसरे वर्ष ड्रिल, मिलिंग, ग्राइंडर. तिसऱ्या वर्षी जुन्या डायची दुरुस्ती. चौथ्या वर्षी एक छोटी डाय आरंभापासून ट्रायलपर्यंत त्याच्याच हातून. इतके झाले तर जाणारा शागिर्दही उद्या तुमच्याकडेच काम पाठवील.

कायदाही मदतीला आहे. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा आहे. २०१९ च्या नियमबदलानंतर चार ते एकोणतीस माणसे कामावर असलेल्या कारखान्यालाही स्वेच्छेने शिकाऊ उमेदवार नोंदवता येतो. २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा काही भार केंद्र सरकार उचलते. नोंदणी केली की मुलाच्या हाती प्रमाणपत्र येते, आणि प्रमाणपत्राशिवाय मोठ्या कंपनीच्या टूल रूमचे दार उघडत नाही. ज्यांची वर्षे बिनकागदाची गेली त्यांनाही अटी पुऱ्या केल्यास खाजगी उमेदवार म्हणून अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला बसता येते.

पैसा वेळेवर येत नाही, मग शिकवायला सवड कोठून, ही तक्रारही खरी आहे. त्यासाठी आधी उद्यम नोंदणी करा. २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदलेल्या लघुउद्योगाचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते व्हावे लागते, आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून मुदतीत न दिलेली रक्कम घेणाऱ्या कंपनीला त्या वर्षी आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. जागेचे कागदही पक्के ठेवा. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडीत महानगरपालिकेने हजारो शेड, गोदामे व वर्कशॉप पाडली. त्या कारवाईच्या न्याय-अन्यायाची चर्चा येथे करायची नाही. पण ज्या शेडचे उद्या काय होईल हे मालकालाच ठाऊक नाही, तेथे चार वर्षांचा शागिर्द कसा टिकणार?

दहावीचा निकाल लागला की घरोघर मुलाचे काय करायचे हा प्रश्न उठतो. बांधवांनी त्या वेळी मुलाला घेऊन पिंपरीच्या मोरवाडीतील महानगरपालिकेच्या किंवा पुण्यात औंधच्या आयटीआयमध्ये जावे, तेथे कोणते ट्रेड चालतात हे स्वतः पाहावे. टूल अँड डाय मेकरला जागा न मिळाल्यास फिटर, टर्नर किंवा मशिनिस्ट घ्यावा आणि पुढे टूल रूमची उमेदवारी धरावी. मुलाला एखाद्या वर्कशॉपमध्ये ठेवायचेच असेल तर पगार किती, हा प्रश्न दुसरा विचारावा. पहिला प्रश्न असा असावा की माझा मुलगा बेंचवर किती तास उभा राहील आणि त्याला कोण शिकवील. ज्या मालकाकडे याचे उत्तर नाही तेथे मुलाला ठेवू नये. आणि ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडून चार वर्षे पुरी होण्याआधी मुलाला काढू नये.