पालक गट कोणाचा : वरच्या कार्यालयाचा की वस्तीचा?

विश्रांतवाडीच्या आमच्या पालक गटात गेल्या काही बैठकांपासून एकच विषय गाजतो आहे. ज्या राष्ट्रीय संघटनेची शाखा म्हणून हा गट सुरू झाला, तिच्यातून बाहेर पडून स्वतंत्र व्हायचे की नाही? तरुण पालकांचे म्हणणे असे, की वर्गणीतला वाटा वर जातो, परिपत्रके वरून येतात आणि शाळेने एखाद्या मुलाचा दाखला अडवला तरी निवेदन देण्याआधी परवानगीची वाट पाहावी लागते. जुने कार्यकर्ते सांगतात, लेटरहेडवर देशभराचे नाव असते म्हणून मुख्याध्यापक बसायला खुर्ची देतात. ते नाव गेले की आपण केवळ दहा-बारा आईबाप उरतो. दोघांच्याही बोलण्यात अनुभव आहे. म्हणून हा वाद चिडून नव्हे, विचार करून सोडवायला हवा. असाच प्रश्न उद्या तुमच्याही वस्तीत येणार आहे.

पहिली गोष्ट स्पष्ट करू. शाळेत पालकांना जो अधिकार आहे, तो कोणत्याही संघटनेने दिलेला नाही, कायद्याने दिलेला आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 21 नुसार महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात आणि वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना प्रमाणात जागा द्यावी लागते. विनाअनुदानित खासगी शाळांना हे कलम लागू नाही. तिथे 2011 चा महाराष्ट्राचा शुल्क विनियमन कायदा येतो. त्यानुसार पालक-शिक्षक संघ स्थापन करणे शाळेला बंधनकारक आहे, शिकणाऱ्या प्रत्येक मुलाचा पालक त्याचा सदस्य असतो आणि कार्यकारी समितीतले पालक सोडत काढून ठरतात. पुढे या कायद्यात दुरुस्ती झाली. आता शुल्कवाढीविरुद्ध दाद मागायची तर किमान 25 टक्के पालक एकत्र यावे लागतात. म्हणजे हजार मुलांच्या शाळेत साधारण अडीचशे सह्या. या सह्या कोणतेही राष्ट्रीय लेटरहेड मिळवून देत नाही. त्या शाळेच्या फाटकाबाहेर उभे राहून, घरोघरी जाऊन आणि आपल्या समाजाबाहेरच्या पालकांनाही सोबत घेऊन मिळवाव्या लागतात.

हा प्रश्न फक्त आपलाच नाही. अमेरिकेत 1897 मध्ये मातांची एक राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि पुढे तीच राष्ट्रीय पीटीए म्हणून ओळखली जाऊ लागली. शाळेतला गट तिला जोडला, की दर सदस्यामागे काही रक्कम राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर द्यावी लागते. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला तिची सदस्यसंख्या 1 कोटी 20 लाखांच्या आसपास होती. पुढच्या दोन दशकांत ती निम्म्याहून खाली आली. बाहेर पडलेल्या अनेक गटांनी पीटीओ हे नाव घेतले. पैसा शाळेपाशी राहिला, नियम स्वतःचे झाले. पण बालमजुरीविरोधी कायदे, शाळेतले गरम जेवण अशा मागण्यांसाठी सरकारदरबारी जो आवाज उठत होता, त्यात या गटांचा वाटा उरला नाही. एका शाळेचा गट शाळेचे छप्पर दुरुस्त करून घेऊ शकतो, देशाचा कायदा बदलून घेऊ शकत नाही.

त्याच देशातली दुसरी गोष्ट आपल्या अधिक जवळची आहे. वर्णभेद पाळणाऱ्या राज्यांत कृष्णवर्णीय पालकांना गोऱ्यांच्या पालक संघटनेत जागा नव्हती. सेलेना स्लोन बटलर या शिक्षिकेने 1911 मध्ये अटलांटातील यॉन्ग स्ट्रीट शाळेत कृष्णवर्णीय पालक-शिक्षकांचा गट उभा केला. त्यातूनच 1926 मध्ये त्यांची स्वतंत्र राष्ट्रीय संघटना झाली. ती 44 वर्षे चालली आणि 1970 मध्ये मोठ्या पीटीएत विलीन झाली. समतेच्या दृष्टीने ते योग्य पाऊल होते. पण नाव टिकले ते मोठ्या संघटनेचे, लहान संघटनेचे नाव इतिहासात गेले. आम्ही यातून एवढेच घेतो : एकत्र येताना आपले नेतृत्व, आपले दप्तर आणि आपल्या जागा यांची हमी लेखी घ्यावी लागते. वेगळे होतानाही तेच.

एकटे पडले तर काय होते आणि एकत्र लढले तर काय होते, हे आपण अलीकडेच पाहिले आहे. 9 फेब्रुवारी 2024 रोजी राज्य शासनाने अधिसूचना काढली. शासकीय किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असलेल्या खासगी विनाअनुदानित शाळांना 25 टक्के राखीव प्रवेशांतून सूट मिळाली. विश्रांतवाडी, कळस, धानोरीसारख्या दाट वस्तीच्या भागात याचा अर्थ काय, हे वेगळे सांगायला नको. आपल्या मुलांसाठी खासगी शाळांची दारे बंद होणार होती. काही पालक आणि काही संघटना वेगवेगळ्या याचिका घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. 6 मे रोजी स्थगिती मिळाली आणि 19 जुलै 2024 रोजी न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. या लढ्यात कोणी कोणाची शाखा असण्याची गरज पडली नाही. मात्र मुद्दा एक होता, कागद तयार होते आणि कोणीतरी वेळेत उभे राहिले.

आमचे मत असे आहे. शाळेतल्या रोजच्या प्रश्नांसाठी पालक गट स्वतंत्र असावा. दाखला, प्रवेश, शुल्क, मुलांना मिळणारी वागणूक या गोष्टी वरच्या कार्यालयाच्या होकारासाठी थांबू शकत नाहीत. शिष्यवृत्ती आणि जात पडताळणीच्या कामांसाठी तर आळंदी रस्त्यावरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर सामाजिक न्याय भवन आपल्या दारातच आहे. तिथे पाठपुरावा करायला वस्तीतलाच माणूस लागतो. पण मोठ्या प्रश्नांवर राज्यातल्या आणि देशातल्या संघटनांशी जोडलेले राहिलेच पाहिजे, मग ते शाखा म्हणून नव्हे, तर बरोबरीचे सहकारी म्हणून.

बाहेर पडण्याची रीतही महत्त्वाची आहे. चार जणांनी रात्रीतून व्हॉट्सअ‍ॅप गटाचे नाव बदलले, की संस्था स्वतंत्र होत नाही. सर्व सदस्यांना लेखी सूचना द्या, सर्वसाधारण सभा घ्या, विरोधी मतांसह ठराव इतिवृत्तात लिहा. मुख्य संघटनेचा हिशेब चुकता करा, पावती पुस्तके आणि शिक्के परत करा, तिचे नाव वापरणे थांबवा. नवी संस्था नोंदवायची तर 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जण लागतात आणि पुढे धर्मादाय कार्यालयाशी संबंध येतो. पदाधिकारी बदलले तर 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो न दिल्यामुळे आपल्या किती तरी संस्था, विहारे आणि मंडळे वर्षानुवर्षे वादात अडकून पडली आहेत, हे प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत आहे. 3 ऑक्टोबर 1957 रोजी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि काही वर्षांतच फुटला. तेव्हापासून फुटीची सवय आपल्या हाडीमासी खिळली आहे. पालक गटाचे स्वातंत्र्य ही त्या मालिकेतली आणखी एक फूट ठरू नये. जुन्या कार्यकर्त्यांना सल्लागार म्हणून मानाने सोबत ठेवा. नव्या घटनेत अध्यक्षपदाला मुदत घाला आणि निम्मी पदे आयांना द्या. शाळेच्या फाटकाशी रोज त्याच उभ्या असतात.

बुद्धांनी वज्जींना सांगितलेले अपरिहानीय धम्म आपण विहारात ऐकतो. वारंवार एकत्र जमावे, एकोप्याने जमावे आणि एकोप्यानेच उठावे. भिक्खू संघाची रचनाही अशीच होती. प्रत्येक सीमेतला संघ आपले निर्णय आपल्याच सभेत घेत असे, पण विनय सगळ्यांचा एक होता. स्थानिक स्वातंत्र्य आणि समान नियम एकत्र नांदू शकतात, याचे अडीच हजार वर्षांचे उदाहरण आपल्याजवळ आहे.

पुढच्या बैठकीत मतदान होईल. आम्ही स्वतंत्र होण्याच्या बाजूने मत देणार आहोत. आणि त्याच बैठकीत दुसरा ठराव मांडणार आहोत : राखीव प्रवेशांवर पुन्हा गदा आली, तर ज्या संघटनेतून आपण बाहेर पडलो, तिच्यासोबत पहिल्याच दिवशी रस्त्यावर उतरायचे. हे दोन्ही ठराव एकत्र मंजूर झाले, तरच हा निर्णय आपल्या मुलांच्या कामाचा.

जय भीम! नमो बुद्धाय!