दारी आलेला नवरंग



मृग तोंडावर आला की आपली केवढी धांदल उडते! धान्यात कडुलिंबाचा पाला घाला, वाळवणं डब्यांत भरा, मुलांच्या वह्या-पुस्तकांची यादी करा. याच गडबडीत एक पाहुणा आमच्या मेहकरकडे येतो, नि आपल्याला पत्ताही नसतो. त्याचं नाव नवरंग.

गेल्या वर्षीची गोष्ट. रात्री वावटळ झाली नि सकाळी धाकटी ओरडत आली, "आई, हा बघ, रंगाच्या पेटीत पडलेला पक्षी!" अंगणात तो मलूल बसला होता. मैनेहून लहान, शेपूट जेमतेम. पाठ हिरवी, पंखांवर निळा तुकडा, पोट फिकट पिवळसर, शेपटीखाली कुंकवासारखा लाल आणि डोळ्यांवरून काजळाची जाड रेघ.

मी शाळेत शिकवणारी बाई, पण खरं सांगते, माझंच चुकलं. मायेपोटी चमच्यानं त्याच्या चोचीत पाणी घातलं. ते श्वासनळीत गेलं असावं. तासाभरात त्यानं मान टाकली. धाकटी दोन दिवस धड जेवली नाही. म्हणूनच आज हे लिहितेय.

मग मी पुस्तकं धुंडाळली. नवरंग हिवाळा दक्षिण भारतात नि श्रीलंकेत काढतो आणि पावसाळ्याच्या सुमाराला विणीसाठी मध्य भारतात, थेट हिमालयाच्या पायथ्यापर्यंत येतो. बाळंतपणाला लेक माहेरी येते ना, तसंच! फरक एवढाच, की इथं जावईही बरोबर येतो नि कामाला हात लावतो. काटक्या-पानांचं गोल घरटं दोघं मिळून बांधतात नि चार-पाच पिल्लांना दोघंही भरवतात. हा प्रवास रात्रीचा असतो. त्यामुळे थकून, वाट चुकून किंवा काचेवर आपटून हे पक्षी घराशी पडतात.

असा पक्षी सापडला तर काय करायचं? चपलांच्या खोक्याला भोकं पाडा, आत सुती फडकं अंथरा, पक्षी अलगद ठेवून झाकण लावा आणि खोका अंधाऱ्या, शांत जागी ठेवा. मांजर नि मुलं, दोन्ही दूर! चोचीत पाणी, दूध, भात काहीही घालायचं नाही. विसाव्यानं बहुतेक वेळा त्याला हुशारी येते. मग तिन्हीसांजेला झाडीजवळ नेऊन सोडून द्या. पंख लोंबत असेल तर वनखात्याला कळवा. पिंजऱ्यात मात्र ठेवू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे.

आणखी एक सांगायचंय. नवरंग जमिनीवर टुणटुण उड्या मारत पाचोळा उलटवतो नि किडे, गांडुळं वेचतो. आपण मात्र झाडाखालचा पाला झाडून पेटवतो, म्हणजे त्याचं ताटच उचलतो! परसातल्या आंब्याखालचा पाला यंदा मी राहू दिला. सासूबाईंना आधी पटेना. "अगं, लोक काय म्हणतील? सुनेला झाडायचा कंटाळा!" मी म्हटलं, अंगण रोज झाडीन, फक्त आंब्याखाली विंचू-साप येणार नाहीत एवढा लांबचा कोपरा सोडा. तेवढं मान्य झालं.

नवरंग दिसतो कमी, ऐकू येतो जास्त. पहाटे नि सांजेला दोन सुरांची गोड शीळ घालतो. तमिळ लोक तर त्याला 'सहा वाजताचा पक्षी' म्हणतात. तेव्हा सकाळचा चहा ठेवताना रेडिओ दोन मिनिटं बंद ठेवा नि कान द्या.

यंदा मी खराटा घेऊन परसात निघाले, तोच ती शीळ आली. सासूबाई ओट्यावरूनच म्हणाल्या, "ठेव गं तो खराटा. तुझी माहेरवाशीण आली वाटतं."