नसबंदी : बाप्यांनो, आता खाली बघू नका


चाकणच्या बैठकीत कुटुंब नियोजनाचा विषय निघाला आणि बाप्ये मंडळी खाली बघायला लागली. एक आजी म्हणाली, "वाडीतल्या ऑपरेशन झालेल्या बाया मोजा, मग बाप्ये मोजा." बाया मोजताना दोन्ही हातांची बोटं संपली. बाप्या एकही निघाला नाही.

याला इतिहास आहे. १९७६ साली, आणीबाणीत, माणसं धरून नेऊन नसबंदी केली. दिल्लीत झोपड्या पाडल्या आणि प्लॉट हवा तर नसबंदीचा दाखला आणा म्हणाले. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अडलं. त्या वर्षी देशात ६० लाखांवर पुरुषांची नसबंदी झाली. जमिनीच्या बदल्यात शरीर मागणं आपल्याला कधीच मान्य होणार नाही.

पण १९७७ ला ते सरकार पडलं. पुढे पुढाऱ्यांनी पुरुषांचं नाव सोडलं आणि सगळा भार बायांवर टाकला. आपली सुटका झाली म्हणून आपण गप्प बसलो. हे कबूल करायला हवं.

"नस कापली की ताकद जाते, भट्टीवर काम होत नाही," असं म्हणतात. खोटं आहे. बैल खच्ची करताना त्याचं अंडच निकामी करतात. इथे अंडाला धक्का लावत नाहीत. बीज वाहून नेणाऱ्या दोन नळ्या तेवढ्या कापून बांधतात. जागा बधिर करून अर्ध्या तासाच्या आत काम होतं, त्याच दिवशी घरी जाता येतं. इच्छा, ताकद आहे तशीच राहते. आठवडाभर ओझं उचलायचं नाही, म्हणजे मजुरी बुडते, हे खरं. पण बाईचं ऑपरेशन पोटातलं. त्यात धोकाही जास्त, दिवसही जास्त बुडतात.

दोन गोष्टी लपवू नयेत. पहिले तीन महिने निरोध वापरायचा आणि वीर्य तपासून घ्यायचं, मगच निर्धास्त. दुसरं, हे कायमचं आहे. नळी पुन्हा जोडून मूल होईलच असं नाही. नवरा-बायकोचं पक्कं ठरल्याशिवाय जाऊ नका.

कागद न समजता अंगठे दिले आणि जमिनी गेल्या. इथेही तोच नियम. संमतीचा कागद वाचून घ्या, शंका विचारा. कोणी पैशाच्या लालचीने किंवा टार्गेटसाठी नेत असेल तर ठाम नाही म्हणा. पण स्वतः नाही म्हणून बायकोला पुढे ढकलू नका.

पुढच्या बैठकीत हा विषय बाप्यांनीच मांडावा.

जिंदाबाद!