खार्तूमची लढाई : राजवाडा आणि कोठार

राजधानी ज्याच्या हाती त्याचे राज्य, हा समज फार जुना आहे. १५ एप्रिल २०२३ रोजी सुदानच्या राजधानीत, खार्तूममध्ये, जनरल बुऱ्हान यांचे लष्कर आणि महंमद हमदान दगालो यांचे निमलष्करी दल एकमेकांना भिडले ते याच समजापोटी. त्या समजाची किंमत सुदानी जनतेने मोजली.

वस्तुतः ऑक्टोबर २०२१ मध्ये सत्ता बळकावताना हे दोघे सेनानी एकत्र होते. सत्ता नागरी सरकारकडे सोपविण्याचा आराखडा डिसेंबर २०२२ मध्ये ठरला आणि वादाला तोंड फुटले. निमलष्करी दल दोन वर्षांत लष्करात विलीन व्हावे, असे लष्कराचे म्हणणे. दगालो यांना दहा वर्षे हवी होती. वाद मुदतीचा दिसला, तरी त्यामागे अर्थकारण होते. लष्कराचे स्वतःचे उद्योग होते, तर दगालो यांच्या हाती सोन्याचा व्यापार होता. विलीनीकरण म्हणजे स्वतंत्र मिळकतीवर पाणी सोडणे, हे उघड आहे.

पहिल्या काही दिवसांत दगालो यांच्या सैनिकांनी विमानतळ, अध्यक्षीय प्रासाद आणि शहराचा मोठा भाग व्यापला. परंतु लष्कराचे मुख्यालय पडले नाही, ओमदुरमानच्या उत्तरेकडील वादी सैदना हा हवाई तळही पडला नाही. एकाकडे विमाने होती, पण गल्लीबोळांत लढणारे पायदळ अपुरे. दुसऱ्याकडे चपळ सैनिक होते, पण आकाश त्याचे नव्हते. लढाई अनिर्णित राहिली, आणि म्हणूनच ती निर्णायक ठरली. कारण काही दिवसांच्या सत्तासंघर्षाचे दीर्घ युद्ध झाले ते तेथूनच.

दीर्घ युद्ध रसदीवर चालते. तांबड्या समुद्रावरील पोर्ट सुदान हे बंदर लष्कराकडे राहिले. आयात, जकात आणि परराष्ट्रसंबंध त्यासोबत राहिले; सरकारचा कारभारही तेथे हलला. ‘ऑपरेशन कावेरी’खाली बहुसंख्य भारतीय मायदेशी निघाले ते याच बंदरातून. प्रासाद गमावूनही लष्कर ‘सरकार’ म्हणून उरले, त्याचे रहस्य यात आहे.

मग युद्ध कोठाराकडे वळले. दोन नाईल नद्यांमधील गेझिरा हा १९२५ पासून कालव्यांवर पोसलेला सुपीक मुलूख. त्याची राजधानी वाद मदनी १८ डिसेंबर २०२३ रोजी पडली. खार्तूमहून तेथे आश्रयाला आलेल्या लक्षावधी लोकांना पुन्हा परागंदा व्हावे लागले. पुढचा क्रम अर्थपूर्ण आहे : लष्कराने जानेवारी २०२५ मध्ये वाद मदनी परत घेतले आणि मार्चमध्ये खार्तूमचा प्रासाद. आधी कोठार, मग राजवाडा!

तरीही युद्ध संपले नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये पश्चिमेकडील दारफूरमधील एल फाशर दगालो यांच्या दलाने जिंकले. राजधानी गमावलेला पक्ष संपला नाही. राजधानी मिळविलेला विजयी झाला नाही. या संघर्षाने एक कोटीहून अधिक लोक बेघर केले. मे २०२३ मध्ये जेद्दा येथे नागरिकांच्या रक्षणाचा करार झाला. तो कागदावरच राहिला. सोने, बंदर आणि जकात यांवरील सेनानींची मालकी जोवर वाटाघाटींचा विषय होत नाही, तोवर शस्त्रसंधी म्हणजे दोन लढायांमधील विश्रांतीच ठरेल.